बाबांनी पांढरा म्हटलेला धूर

मी मुलुंडला एका रंगाच्या दुकानात शेड जुळवते. वीस-बावीस वर्षं झाली. कुणी भिंतीचा खपला घेऊन येतं, कुणी जुन्या पडद्याची चिंधी, एकदा एक बाई चक्क वांगं घेऊन आली होती, आणि सगळ्यांना हाच रंग पाहिजे असतो. आता शेड काढायला मशीन आहे, पण माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. मी खपला दारात नेते, उन्हात धरते आणि मग काय ते बोलते. गिऱ्हाईक म्हणालं की ताई, हा ग्रेच आहे ना, तर तोंडावर सांगते, नाही, ह्यात निळा आहे, घरी जाऊन परत बघा. मालक म्हणतात, जरा जीभ आवर, माणसं तुटतात. तुटू देत. दिसतं ते बोलायचं, माझा स्वभावच तसा. निदान मी स्वतःला तशीच समजत होते.

रंग ओळखायला मला शिकवलं ते बाबांनी, आणि तेही धुरावर. बाबा मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, बाबा मात्र मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका इंजिनांच्या कारखान्यात लागले. झिजलेली इंजिनं तिथे यायची, त्यांचे सिलिंडर तासून गुळगुळीत करायचे, जरा मोठे पिस्टन बसवायचे, आणि गाडी परत रस्त्यावर. शाळेला सुट्टी असली की बाबा मला बरोबर न्यायचे. मला तिथलं काय आठवतं? एक उंच स्टूल, जमिनीला न पोचणारे माझे पाय, आणि पत्र्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप. बाहेर एखादा ट्रक चालू व्हायचा, धूर आत शिरायचा आणि त्या तिरिपेत येऊन थांबायचा. खरंच थांबायचा. सावलीत सगळा धूर सारखाच, राखेसारखा. उन्हात आला की आपला रंग सांगायचा. मग बाबा मशीन बंद करून माझ्याजवळ यायचे आणि मालवणीत विचारायचे, चेडवा, म्हणजे पोरी, कसो दिसता? मी सांगायचे. बरोबर आलं की डोक्यावर टपली. अजूनही दुपारी डुलकी लागली की मला ती तिरीप दिसते, त्यात तो निळा सावकाश वळत असतो, आणि उठूच नये असं वाटतं.

निळा म्हणजे इंजिन तेल जाळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय. पांढरा म्हणजे कुठून तरी पाणी शिरलंय, नाहीतर डिझेलचा पंप वेळ चुकतोय, नाहीतर नुसती सकाळची थंडी. एवढं तर कुठलाही क्लीनर सांगेल. बाबांचं कसब त्याच्या पुढचं होतं. निळा कधी येतो, किती वेळ राहतो, रेस दिल्यावर वाढतो की कमी होतो, ह्यावरून ते न खोलता सांगायचे की आतमध्ये काय झिजलंय आणि किती. चालू करताना भसकन आला आणि विरून गेला, तर वरचं काम, व्हॉल्वकडून थेंब थेंब गळतंय, घाई नाही. गाडी तापल्यावर, ओझं घेऊन चढताना येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता खोला. लोक मुलगी बघायला जातात तसे बाबा धूर बघायला जायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा बोलावणं यायचं, भांडुपहून, साकीनाक्याहून, एकदा तर पार पनवेलहून. जायच्या आधी फोनवर एकच दटावणी: मी येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही. कारण थंड इंजिनाचा पहिला श्वास खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. कोविडमध्ये त्यांचा वास गेला तो अर्धाच परत आला. गुडघे कुरकुर करायला लागले, म्हणून धूर बघायला निघाले की मी बरोबर जायला लागले. रविवारी असलं तर बरं, नाहीतर दुकानात दांडी. मला आवडायचं. पंचावन्न वर्षांची घोडी झाले तरी बाबा ट्रकच्या मागे उभे राहून मला तेच विचारायचे, आणि मी तेच सांगायचे, आणि क्षणभर माझे पाय स्टुलावरून लोंबकळत असायचे.

मरोळच्या जुन्या गावठाणात बाबांचे एक दोस्त आहेत. ख्रिश्चन, पण मराठीच बोलणारे, पिढ्यानपिढ्या तिथलेच. मी त्यांना अंकल म्हणते. त्यांचे वडील भाजी पिकवायचे, आणि ती बाजारात न्यायला त्यांनी एक ट्रक घेतला होता, गोल नाकाचा, जुन्या काळचा, फुगलेल्या गालांचा. मळा गेला, तिथे टॉवर आले, समोरून मेट्रो जायला लागली, पण ट्रक राहिला. अंगणात भेंडीच्या, भाजीच्या नव्हे, पिंपळासारख्या पानांच्या मोठ्या झाडाखाली तो उभा असतो, आणि अंकल त्याला 'ती' म्हणतात. त्या घरातला प्रत्येक नवरदेव त्याच ट्रकमधून लग्नाला गेला. अंकल स्वतः, त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे. नवरा पुढे केबिनमध्ये, बँड मागे उघड्यावर, बाकीचं गाव बसमधून. दुसऱ्या गाडीतून गेलेला नवरा त्या घरात झालेलाच नाही.

त्या ट्रकचं इंजिन बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी. तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की आता शेवटचं तासून झालं, ह्यापुढे तासायला लोखंड उरलेलं नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. अंकलचा फोन आला. मोठ्या नातवाचं लग्न, नाताळ झाल्यावर, मुलगी वसईची. बाबांना त्यांनी सरळच विचारलं. खोलायचं असेल तर आत्ताच सांग मिस्त्री, दोन महिने हातात आहेत. सिलिंडरच्या आत नवीन स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, घालून देणारा एक म्हातारा लेथवाला मरोळलाच अजून आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. पण वाटेत आतून काही तुटलं आणि इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडाच, फुटला, तर तसला दुसरा ब्लॉक अख्ख्या हिंदुस्थानात मिळायचा नाही. मग ती गेली. बाबा म्हणाले, रविवारी येतो, चावी लावू नकोस.

तो रविवार मला स्वप्नासारखा आठवतो, म्हणजे मधले तुकडे नाहीत आणि जे आहेत ते फार लख्ख आहेत. अंगणात अजून सावली होती. भेंडीची पिवळी फुलं ट्रकच्या टपावर पडलेली. आंटीने, म्हणजे अंकलच्या बायकोने, कपात चहा आणून बोनेटवर ठेवला, आणि बाबांनी तो उचलून बाजूला ठेवला, कारण त्यांना बोनेटला हात लावून थंडपणा बघायचा होता. नवरदेव मोबाईलवर होता. मिस्त्री आलेत म्हटल्यावर शेजारचे दोघे-तिघे बनियनवरच येऊन उभे राहिले. बाबांनी तेल मोजायची पट्टी ओढली, दोन बोटांत तेल चोळलं, सवयीने नाकाकडे नेलं, आणि हात खाली घेतला.

अंकलनी चावी फिरवली. ट्रक खोकला, दुसऱ्यांदा खोकला, आणि तिसऱ्या झटक्याला अख्ख्या अंगणात घुमायला लागला. आम्ही दोघं मागे सायलेन्सरपाशी उभे. बाबांनी पाच मिनिटं तसंच चालू ठेवायला लावलं, मग हाताने खूण केली, आणि अंकलनी रेस दिली.

तेव्हाच दोन टॉवरच्या मधून ऊन आलं. धूर सावलीतून निघाला, त्या उन्हात शिरला, आणि निळा झाला. थोडाथोडका नाही. आमच्या कार्डावर त्याच्या जवळचा एक शेड आहे, नवीन लग्न झालेली जोडपी तो बेडरूमला मागतात. संथ, मऊ, अंगणभर पसरणारा निळा. मला वाटलं, किती सुंदर आहे हा. खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा हेच वाटलं. मग वाटलं, वाट लागली, रिंगा गेल्यात.

बाबा बघत होते. खूप वेळ बघत होते. त्यांनी परत रेस द्यायला लावली. इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं, तळहात धरला, आतून येणारी हवा अजमावली आणि पुटपुटले की वय झालंय, एवढा श्वास असायचाच. परत मागे आले. आणि खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पांढरा आहे. पंप सरकलाय जरा, बाकी काय नाय. खोलायची गरज नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे धुरावर होते, उघडे, शांत, आणि ते खरंच पांढरा बघत होते. तेव्हा एकदम मागचं सगळं माझ्या डोक्यात गोळा झालं. माझ्या निळ्या ड्रेसला ते वर्षभर काळा म्हणत होते. मोजे दोन रंगांचे घालून फिरत होते, आणि मी वर त्यांनाच ओरडत होते की बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं. दिवसभर लोकांच्या भिंतींचे रंग तपासणारी मी, माझ्या घरातल्या माणसाच्या डोळ्यांतून निळा निघून गेला ते मला कळलं नव्हतं.

अंकल केबिनमधून उतरून मागे आले. धुराकडे बघत उभे राहिले. आणि बाबा माझ्याकडे वळले, नेहमीसारखे, चेहऱ्यावर ती परीक्षा घेणारी मिश्कील छटा.

"चेडवा, कसो दिसता?"

आजूबाजूला सगळे उभे. तो शेजारचा बनियनवाला, चहाचे कप गोळा करणारी आंटी, नवरदेव. बाबांचा इतका खूष चेहरा मी आई गेल्यापासून बघितला नव्हता. ह्या माणसाच्या एका शब्दासाठी पार पनवेलहून बोलावणं आलं होतं. आणि मी, जी वांग्याच्या रंगावरून बायकांशी भांडते ती, म्हणाले, "पांढरा."

बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

मग त्यांनी दोन तास खपून पंपाची वेळ बसवली, तेल नवीन भरून घेतलं आणि अंकलना सांगितलं की ही तेल खात नाही, आता लग्न होईस्तोवर पट्टी ओढून बघायलासुद्धा नको. पॉवई... आमच्या घरात पवईला पॉवईच म्हणतात, तर पवईवरून रिक्षाने येताना ते तलावाकडे बघत गाणं गुणगुणत होते. मी म्हटलं घरी गेल्यावर सांगेन. घरी गेल्यावर म्हटलं जेवल्यावर सांगेन. जेवल्यावर ते झोपले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. असं करत करत दोन महिने जातात, कुणाला जात नाहीत असं वाटत असेल तर त्याने करून बघावं. मधूनमधून मी स्वतःची समजूत काढायचे की मरोळहून वसई ती कितीशी लांब, एवढी वर्षं चालली, एक दिवस अजून चालेल. आणि मग झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्नाच्या दिवशी बाबांना मानाची जागा मिळाली. ट्रक स्वतः अंकल चालवणार, मध्ये सूट घातलेला नवरा, खिडकीशी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा. मागे बँडवाले, त्यांच्या पितळी वाद्यांवर ऊन. ट्रकच्या नाकावर झेंडूचा हार. आमची बस बरोबर मागे. मी ड्रायव्हरच्या शेजारी पहिल्या सीटवर, मागे लुगडी नेसलेल्या, डोक्यात फुलं माळलेल्या बायका, सगळ्या एकदम बोलणाऱ्या.

हायवेवर ते सगळं तरंगत गेलं. तसंच म्हणायला पाहिजे. बँडची धून वाऱ्यावर मागे यायची, मध्येच तुटायची, परत यायची. आणि प्रत्येक फ्लायओव्हरच्या चढावर ट्रकखालून तो निळा निघायचा, रस्त्यावर अंथरला जायचा, आमची बस त्याच्यातून जायची. गोरेगाव गेलं, कांदिवली गेलं, बोरिवली गेलं. एक मावशी म्हणाली, काय छान दिसतंय गं, ढगातून चाललोय. मी मान डोलावली. मला झोप येत होती की भीती वाटत होती, मला तेही नीट सांगता येणार नाही. मला तेव्हा ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगता आलं असतं. ट्रक थांबला असता. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

खाडीवरच्या पुलाला जायच्या चढावर आवाज आला. ठक. मग ठकठकठक, कुणीतरी आतून दार वाजवतंय तसा. बँड वाजत असूनही मला तो ऐकू आला. मी बाबांचा हात खिडकीतून बाहेर आलेला बघितला, थांबव थांबव म्हणणारा. मग एक दणका बसला आणि ट्रक जागच्या जागी उभा राहिला. बँड एकेका वाद्याने बंद पडला. ट्रकखालून काळं काहीतरी रस्त्यावर सांडलं, थोडंसंच, कारण तेल उरलंच नव्हतं. सगळं जळून आम्ही श्वासात घेत आलो होतो. आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. बाबा खाली बसून त्या भोकाकडे बघत होते, आणि अंकल त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

अंकल एवढंच म्हणाले की म्हातारी झाली होती मिस्त्री, तिचं ठरलेलं होतं. नवऱ्याला आमच्या बसमध्ये घेतलं. बँडवाले जिथे जागा मिळेल तिथे शिरले, ट्रम्पेटवाला माझ्या पायाशी बसला. लग्न लागलं, तासभर उशिरा, पण थाटात लागलं. जेवणं झाली, नाच झाला. बाबा एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताट न घेता बसून होते.

टोचन लावून ट्रक परत भेंडीखाली आणला. आठवड्याने बाबांनी हट्टाने इंजिन खोललं. काय उपयोग, म्हणून मी चिडले, पण त्यांना बघायचंच होतं. पिस्टन बाहेर काढले, रिंगांवरून नख फिरवलं. त्या झिजून पार पात्यासारख्या झाल्या होत्या. डोळ्यांची गरजच नव्हती, बोटांनाच कळलं. आणि तिथून पुढे त्यांच्या जिवाला घोर लागला. असल्या रिंगांचा धूर पांढरा येईलच कसा? निळोच येवक होयो, निळोच, असं जेवताना मध्येच म्हणायचे. वहीत आकृत्या काढायचे. सकाळची हवा दमट होती का, डिझेलमध्ये भेसळ होती का, मला विचारायचे. मी म्हणायचे, जाऊ द्या ना बाबा, नका डोकं शिणवू. एकदा म्हणाले की तू पण पांढरोच बघितलंस मां, मग माझा एकट्याचा चुकला नाय. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ सोडून रडले. बोलावणं आलं तर ते आता फोनच घ्यायचे नाहीत. पन्नास वर्षांचं कसब, एका कोड्यापायी त्यांनी गुंडाळून ठेवलं, आणि त्या कोड्याचं उत्तर घेऊन मी रोज त्यांच्या समोर भाजी निवडत बसायचे.

उन्हाळ्यात ते दारातल्या बादलीला अडखळून पडले, तेव्हा मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे फार हळू येतं, माणसाला पत्ता लागत नाही, सगळं पिवळट होत जातं आणि निळा आधी जातो. बाबांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. मी मात्र ऐकलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि आम्ही रिक्षाने घरी निघालो. काय सांगू ती रिक्षा. बाबा लहान मुलासारखे बाहेर बघत होते. छपरांवरची ताडपत्री, शाळेच्या पोरींचे स्कर्ट, पाण्याचे बाटले वाहणारा टेम्पो, बाल्कनीत वाळणारी चादर. ह्या सगळ्याक निळो कधी दिलो, असं विचारून हसत होते. आकाश तर ते मान वाकडी करून बघत होते. मीही हसत होते, माझे डोळे भरून आले होते, आणि मुलुंड इतकं सुंदर मला कधीच दिसलं नव्हतं.

सिग्नलला आमच्यापुढे एक जुना टेम्पो उभा होता. सिग्नल सुटला, त्याने रेस दिली, आणि धूर आमच्या अंगावर आला.

बाबांचं हसू थांबलं. ते त्या धुराकडे बघत राहिले, मग डोळा हाताने झाकून दुसऱ्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने बघितलं. मग परत हात काढून. दोन-तीन वेळा असं केलं. रिक्षा पुढे गेली, टेम्पो वळला. मग बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"तुका निळो दिसललो?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान फिरवून बाहेर बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मी तोंड द्यायला तयार होते. घरी येऊन त्यांनी डोळ्यात थेंब घालून घेतले, आडवे झाले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले की डॉक्टरने बाहेर पडायची परवानगी दिली की मरोळला जायचं.

गेलो. अंगणात तीच सावली होती, ट्रकला आता ताडपत्री घातलेली. आंटीने खुर्च्या टाकल्या. बाबा बसलेच नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं, सरळ, एकही शब्द न चोरता. धूर निळा होता, मला मोतीबिंदू होता, मला दिसला नाही, मी भलतंच सांगितलं, तुझी गाडी माझ्यामुळे गेली. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मला ते सहन झालं नाही. इतके महिने ज्याच्यासाठी गप्प बसले तो माणूस माझा वाटा स्वतःच्या अंगावर घेत होता. मी म्हटलं, अंकल, बाबांना दिसला नाही, पण मला दिसला होता. मी खोटं बोलले.

अंकल ट्रककडे बघत होते. मग म्हणाले, मला पण दिसला होता.

बाबांनी झटकन वर बघितलं. अंकल म्हणाले, मी मागे आलो तेव्हा मला निळाच दिसला, पण मिस्त्री पांढरा म्हणत होता. मी विचारणारच होतो, म्हातारपणी चुकत असशील रे, परत बघ. तेवढ्यात पोरगी पण पांढरा म्हणाली. दोघं सांगतायत म्हटल्यावर मला वाटलं, माझेच डोळे गेले. कुणाला बोललो नाही. लग्नघर, मी आंधळा झालो असं कळलं तर मला ट्रक कोण चालवू देईल.

आंटीच्या हातातला चहा तसाच राहिला. बाबांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूच बसले. मला वाटलं आता अंकल ओरडतील, आणि मला ते हवंच होतं. पण ते माझ्याकडे वळले आणि अगदी साधेपणाने, समजावून सांगितल्यासारखे बोलले.

"तू बापाची लाज राखलीस, बाय, त्यात चूक नाय. चार माणसांत मी पण तेच केलं असतं. पण नंतर मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. मी मिस्त्रीला कळू पण दिलं नसतं. एक डबा तेल बरोबर घेतला असता, वाटेत दोनदा ओतला असता, आणि वसईहून नाचत परत आणली असती तिला."

दोन महिने होते माझ्याकडे. बाबांना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न मी दोन महिने उशाशी घेऊन झोपले. अंकलना फोन करावा, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चहा घे, गार होतोय.